तांबड्या बैलाची खोड

पेडगावच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याच्या पायावरून त्याच्याच बैलगाडीचं चाक गेलं, ते माझ्यामुळे. समोरून बैल येत असताना मी मोटारसायकलचं इंजिन बंद करायला हवं होतं. मी केलं नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर अपघात म्हणून लोक ते विसरले असते, कदाचित मीही विसरलो असतो. पण माणसं जमली, काय झालं म्हणून विचारू लागली, तेव्हा मी म्हणालो, "बैल बुजरा आहे." मी जनावरांचा डॉक्टर होतो. बैलाबद्दल माझ्या तोंडून निघालेला शब्द त्या भागात शेवटचा मानला जाई.

मोटारसायकल चालवण्यात मी कच्चा नव्हतो, हे आधीच सांगतो. सांगणं जरूर आहे, कारण कच्च्या माणसाची चूक वेगळी आणि जाणत्याची वेगळी.

निजामाचं राज्य होतं आणि तिकडे युरोपात लढाई पेटलेली होती. परभणी जिल्ह्यात मोटारसायकली होत्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. माझी गाडी जुनी, विलायती. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरकडून मी ती घेतली होती. खेड्यात तिला फटफटी म्हणत. बुळकांडीची साथ आली की एका गावात गुरांना लस टोचून होते न होते तोच दुसऱ्या गावचा माणूस बोलवायला येऊन उभा राही. घोड्यावरून ते जमत नसे. फटफटी होती म्हणून कितीतरी गोठे वाचले, असं मी तेव्हाही म्हणत असे आणि आजही म्हणतो.

पडलोही भरपूर. पहिल्यांदा पडलो तो शेरवानीमुळे. दौऱ्यावर निघताना शेरवानी घालायचा रिवाज होता. तिचा घेर साखळीत गेला आणि मी तहसील कचेरीच्या दारातच आडवा झालो. चपराशी धावत आला आणि मला उठवण्याआधी त्याने वाकून सलाम केला. त्या दिवसापासून शेरवानी घडी करून पिशवीत, आणि गाव जवळ आलं की झाडामागे उभं राहून अंगात. दुसऱ्यांदा पडलो तो काळ्या रानातल्या गाडीवाटेवर. पुढचं चाक एका चाकोरीत आणि मागचं दुसरीत गेलं. तिथे शिकलो की चाकोरी एकदा धरली की सोडायची नाही, ती नेईल तिकडे जायचं आणि बाहेर पडायचं तर उतरून पडायचं. दुधना नदीच्या वाळूत पडलो तेव्हा कळलं की वाळूत घाबरून वेग देणारी मूठ सोडणाराच पडतो. टोपी घालणं मी सोडून दिलं आणि फेटा बांधू लागलो, आत घोंगडीची जाड पट्टी घालून. एकदा कुत्रं आडवं आलं आणि मी मैलाच्या दगडावर डोकं आपटलं. फेटा फाटला, डोकं शाबूत राहिलं. घरी आल्यावर बायको फेट्याचं भोक बघत म्हणाली, "आता फेटाच पाठवत जा दौऱ्यावर. तुमच्यापेक्षा शहाणा दिसतोय."

मेंढरांच्या कळपात मी सुरुवातीला भोंगा वाजवत असे. एका धनगराने मला भर रस्त्यात सुनावलं, "साहेब, तुमच्या भोंग्याला ते मेंढक्याची हाळी समजायलेत. म्हणून तुमच्याकडंच यायलेत. गप उभं ऱ्हावा, मी नेतो त्यायला." मी गप उभा राहिलो. कळप माझ्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला आणि गाडीला साधा धक्काही लागला नाही.

बैलांच्या बाबतीतला रिवाज मात्र मी स्वतः पाडला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. आमच्याकडच्या बैलांनी मोटारीचा आवाज ऐकलेला नसे. म्हणून गावोगावी लस टोचताना मी गाडीवानांना समजावून सांगितलं होतं. फटफटी दिसली की खाली उतरायचं, पुढे येऊन वेसण धरायची आणि माझ्या बाजूच्या बैलाच्या डोळ्यांवर उपरणं टाकायचं. माझ्याकडून मी लांबच इंजिन बंद करायचं, उतरायचं आणि गाडी हाताने ढकलत बैलांच्या शेजारून न्यायची. बैलगाडी पुरती लांब गेली की मगच किक मारायची. लोक हे तंतोतंत पाळत. हसतही. मी घामाघूम होऊन फटफटी ढकलत जाताना पाहून कडब्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली होती, "डाक्टरसाहेबाची गाडी आन् आमची गाडी सारकीच म्हणायची. दोनीला कुणीतरी वढावंच लागतंय!"

त्या रिवाजाने कुणाचा बैल उधळला नाही आणि मीही कुणाच्या शिंगावर गेलो नाही.

लढाईमुळे पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं, आणि तेही पुरेसं नाही. मग सगळे करत तेच मी करू लागलो, पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळू लागलो. गाडी चाले, पण त्याचे दोन त्रास होते. एकदा बंद केली की पुन्हा लवकर चालू होत नसे. आणि वेगाची मूठ एकदम मिटली, म्हणजे उलटी फिरून बंद झाली, की धुराच्या नळीतून बंदुकीसारखा बार उडे. दोन्ही गोष्टी मला पक्क्या ठाऊक होत्या.

त्या दिवशी मी पेडगावकडून परभणीला परतत होतो. ऊन रखरखत होतं. वाटेत आधी एक बैलगाडी लागली, तिच्यासाठी मी इंजिन बंद केलं आणि नंतर किक मारून मारून पिंढरी सुजली. गाडी एकदाची सुरू झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता घरीच बंद करायची.

थोड्याच अंतरावर कडब्याने भरलेली दुसरी गाडी समोरून आली. गाडीवान ओळखीचा होता. पन्नाशीचा, थोडक्या जमिनीचा शेतकरी. मी त्याला मामा म्हणत असे. गाडीला जोडी लाल कंधारी जातीची. माझ्या बाजूला होता तांबडा, त्याच्या घरच्याच गाईचा, दावणीला जन्मलेला. मामाने सगळं ठरल्याप्रमाणे केलं. खाली उतरला, पुढे आला, वेसण धरली, तांबड्याच्या डोळ्यांवर उपरणं टाकलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी येतोच आहे हे पाहून ओरडला, "साहेब, बंद करा की!"

मी हाताने खूण केली, की धरून ठेव, हळूच जातो.

हळूच जात होतो हे खरं आहे. तांबड्याच्या अगदी बरोबरीला आलो आणि पुढचं चाक चाकोरीत घसरलं. तोल सावरताना माझी मूठ मिटली. बार उडाला, बैलाच्या कानाशी.

डोळे झाकलेल्या जनावराला तो आवाज कसा वाटला असेल, हे मी आजही मनात आणू शकत नाही. तांबडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि उधळला. मामाने वेसण सोडली असती तर तो वाचला असता, पण त्याला शिकवलेलं होतं की वेसण सोडायची नाही, आणि शिकवणारा मी होतो. मामा फरफटला, खाली गेला आणि भरल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. मी बाभळीच्या बुंध्यावर आदळून पडलो. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. बैल रानात थोडं धावले, गाडी बांधाला अडकली आणि ते आपणहून उभे राहिले.

शेतातली माणसं पळत आली. "काय झालं वो साहेब?" कुणीतरी विचारलं. तेव्हा मी ते वाक्य बोललो.

बोलून झाल्यावर मी फार चांगला वागलो. जुवाची खुंटी लावून पाय बांधला, बांधायला माझा फेटा फाडला. गावातून दुसरी गाडी मागवली. कुणी म्हणालं, हीच जोडी सरळ करून नेऊ की, तर लगेच दुसरा म्हणाला, "येडा हाईस का? साहेब म्हणायलेत तांबडा बुजरा हाय म्हणून." मी मान खाली घालून गाठ आवळत राहिलो. मामाला परभणीच्या दवाखान्यात नेलं आणि त्याच्या उशाशी बसलो. माझ्याइतकी धावपळ सख्ख्या भावाने केली नसती, असं लोक म्हणाले.

घरी बायकोने कोपरावर हळद दाबली आणि विचारलं, "गाडी बंद केली होती ना?"

"हो."

"मग बैल बुजला कशाने?"

"जनावर आहे," मी म्हणालो.

मामाचा पाय सांधला, पण घोटा वळेना. लंगडत चालू लागला. मी मलम, तेल घेऊन पेडगावला जात राहिलो. मामी मला गरम भाकरी वाढी आणि म्हणे, "साहेब व्हते म्हणून पाय तरी ऱ्हायला." तांबडा गोठ्याच्या कोपऱ्यात वेगळा बांधलेला असे, दोन्हीकडून दाव्याने ताणून. मुलांना त्याच्याजवळ जाऊ देत नसत. पूर्वी हीच मुलं त्याच्या पाठीवर बसत असत.

एकदा मी धीर करून म्हणालो, "मामा, एखाद्या वेळी होतं असं. जुंपून बघा त्याला."

"न्हाई साहेब. तुमीच म्हणलात की. एकडाव बुजला ते परत बुजणार. लेकरं बसतेत गाडीत." मग तांबड्याकडे न बघता म्हणाला, "घरचं गोऱ्हं. आईच्या दुधावर वाढवलं, कंदी चाबूक लावला न्हाई. त्येनं असं करावं?"

भाकरीचा घास माझ्या तोंडात होता. तो गिळला आणि बोललो नाही.

का बोललो नाही? तक्रार वर गेली तर पेट्रोलची चिठ्ठी बंद होईल ही भीती होती. पण ती मोठी नव्हती. मोठी गोष्ट ही, की जिल्ह्यात कुठेही गेलो तरी लोक म्हणत, फटफटी चालवावी तर डाक्टरसाहेबाने. ते मला सोडवत नव्हतं. त्यानंतर मी एकही बैलगाडी चालू इंजिनाने ओलांडली नाही. किक मारून पिंढरी सुजली तरी बंद केली, गुडघाभर धुळीतून ढकलत नेली. रॉकेलही सोडलं, पेट्रोल संपलं की घोडा मागवला. पुढे बरीच वर्षं मी गाडी चालवली आणि माझ्यामुळे कुणाला ओरखडा उठला नाही. पण पेडगावच्या गोठ्यातला तांबडा जागच्या जागी बांधलेलाच होता.

त्या वर्षीची पेरणी जवळ आली तेव्हा ताडकळसच्या बाजारात माझी फेरी होती. बाजारात आजारी जनावर येऊ नये म्हणून मी तिथे जात असे. गुरांच्या रांगेतून चालता चालता मला तांबडा दिसला आणि त्याच्या दाव्याला धरून उभा असलेला मामा.

पेडगाव परभणीच्या एका अंगाला आणि ताडकळस दुसऱ्या. लंगडत्या पायाने तो बैल घेऊन इतक्या लांब का आला, हे मला लगेच समजलं. पेडगावच्या भोवतालच्या बाजारांत तांबडा कुणी घेईना, त्याची खोड सगळ्यांना माहीत झालेली. इथे कुणालाच माहीत नव्हती. मामाने तोंड मिटून ठेवलं असतं तर बैल चांगल्या घरी गेला असता. पण बैल विकणाऱ्याने खोड आधी उघड सांगायची, ही आमच्याकडची रीत. मी मागे उभा असताना एका गिऱ्हाइकाने विचारलं, "खोड काय?"

"बुजतो," मामा म्हणाला. "पाय माझा त्येनंच मोडला. डाक्टरसाहेबानं सोता सांगितलेलं हाय."

गिऱ्हाईक निघून गेलं. मग एक हेडी पुढे आला, जनावरांचा दलाल. "बुजऱ्याला नांगर कोण देणार? हाडं आन् कातडं, दुसरं काय," म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. मामाने आपलं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं.

आमच्याकडे गुरांचा भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली बोटं दाबून बोलतात. भोवतीच्यांना फक्त चेहरे दिसतात. हात एकदा बाहेर आले की सौदा झाला, मग तो मोडत नाही. त्या हेड्याने घेतलेली जनावरं पुन्हा कुणाच्या जुवाखाली दिसत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं आणि मामालाही. त्याचा चेहरा तसाच होता. उपरणं हलत होतं. तेच उपरणं, त्या दिवशी तांबड्याच्या डोळ्यांवरचं.

मी पुढे झालो आणि उपरण्यावर हात ठेवला.

"साहेब!" हेडी दचकला. चालू सौद्याला कुणी शिवत नाही. "ह्यो सरकारी सौदा हाय का काय?"

लोक हसले.

"या बैलाला खोड नाही," मी म्हणालो.

"कवापासून?" हेडी म्हणाला, आणि लोक आणखी हसले.

मामा मात्र ओशाळला. "साहेब, माझी दया येऊन बोलायलात तुमी. नका. मी खोटं इकणार न्हाई." शेजारचा एक म्हातारा मला समजावत म्हणाला, "मन लय मऊ हाय साहेबाचं. पर बाजारात खोड झाकू नये, पाप लागतंय."

खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आता खरं बोलत होतो तर ती माझी दया ठरत होती.

"बैल बाजाराबाहेर आणा," मी म्हणालो.

लिंबाखाली मोकळी जागा होती. बाकीची गुरं लांब होती आणि वाऱ्याने आवाज तिकडे जाणार नव्हता, हे मी पाहून घेतलं. दाव्याचा एक पदर लिंबाच्या बुंध्याला बांधायला लावला. फटफटी हाताने ढकलत आणली. लोक पांगून उभे राहिले. मामा उपरणं घेऊन तांबड्याच्या तोंडाकडे गेला, तेव्हा मी म्हणालो, "डोळे झाकू नका. त्याला बघू द्या."

लांबच किक मारली. टाकीत शुद्ध पेट्रोल होतं, गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि शांत फटफटत राहिली. मूठ एका बोटाच्या अंतरानेही न हलवता मी तिच्या बाजूने चालत तिला थोडी थोडी पुढे नेत होतो. तांबड्याने कान पुढे केले. पाहिलं. मी आणखी जवळ गेलो. त्याने एकदा फुरफुर केली, शेपटीने माशी झटकली आणि रवंथ करू लागला.

कुणीतरी म्हणालं, "काय म्हणावं आता?"

"तसं न्हाई," हेडी म्हणाला. "फटफट्या बार उडवतेत, त्येला बुजंल. मग बार उडवून दावा."

मी इंजिन बंद केलं.

"नाही उडवणार. कानाशी बार उडाला तर या बाजारातला कोणताही बैल उधळेल. तुझाही, याचाही. मी एकदा उडवलाय, त्यात या माणसाचा पाय गेला."

मग मी जे झालं ते सांगितलं. रॉकेल, सुजलेली पिंढरी, मामाची हाक, माझी खूण, चाकोरी, मिटलेली मूठ. गावासमोर काय म्हणालो तेही सांगितलं. आवाज मोठाच ठेवला, कारण खोटंही मोठ्यानेच बोललो होतो. सांगताना एकही शब्द अडखळला नाही. किती दिवस तो मनात पाठ करत होतो.

मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो तांबड्याकडे बघत होता. तसाच म्हणाला, "मी त्येच्यासंगं बोलनं सोडलं व्हतं, साहेब. गोठ्यात जायचो, वैरण टाकायचो, पर बोलायचो न्हाई."

मग लंगडत गेला आणि बुंध्याला बांधलेला पदर सोडवू लागला. गाठ ओढली गेली होती, सुटेना. मी मदतीला गेलो तर त्याने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच सोडवली. हेडी दुसऱ्या जनावराकडे वळला होता.

मी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला.

"मामा, तुम्ही त्या दिवशी सगळं नीट केलंत. खाली उतरलात, वेसण धरलीत, बैलाचे डोळे झाकलेत, मला बंद कर म्हणून सांगितलंत. मी ऐकलं नाही. वर दोष या मुक्या जनावरावर टाकला आणि तुमच्या घरची भाकरी खात गप्प बसलो. पाय मी मोडला, तांबड्याने नाही. तुमची माफी मागतो, आणि तुमच्यासमोर याचीही."